रुळाखालची चार बोटे

इंदूर शहरात ३१ मे २०२५ रोजी मेट्रो रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि उंच खांबांवरून गाडी धावणाऱ्या शहरांच्या यादीत मराठी माणसाच्या एका जुन्या वस्तीचे नाव दाखल झाले. मुंबईत २०१४ साली, हैदराबादेत २०१७ साली, नागपुरात २०१९ साली आणि पुण्यात २०२२ साली हाच सोहळा झाला होता. अशा प्रसंगी फिती कापल्या जातात, डब्यांच्या थंड हवेचे व चकचकीत स्थानकांचे कौतुक होते, किती किलोमीटर झाले आणि किती व्हावयाचे राहिले याचे हिशेब मांडले जातात. या कौतुकात वावगे काही नाही. परंतु गाडीचा सारा भार रुळावरून ज्या ठिकाणी काँक्रीटवर उतरतो, त्या चार बोटांच्या जागेकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती जागा रस्त्यावरून दिसत नाही आणि डब्यातूनही दिसत नाही. रुळाला जखडून ठेवणारी पोलादी क्लिप, रुळाखालची रबरी गादी, तिच्या खालची लोखंडी बैठक, ती बैठक काँक्रीटमध्ये रोवणारे बोल्ट, आणि त्याहून खाली ज्यांवर गर्डर टेकलेला असतो ती बेअरिंगे, एवढाच हा संसार. लाखो माणसांचा जीव रोज या संसारावर विसंबून असतो. म्हणूनच या वस्तूंची परीक्षा कोण घेतो, कशी घेतो आणि तिचा निकाल कोणाला कळतो, हे प्रश्न केवळ अभियंत्यांचे राहत नाहीत, ते नागरिकांचे होतात.

जमिनीवरच्या रेल्वेमार्गाला खडीचा आधार असतो. खडी ही मोठी क्षमाशील वस्तू आहे. ती हादरे गिळते, पावसाचे पाणी निचरू देते, आणि रूळ थोडा खचलाच तर गँगमन खडी ठोकून तो पुन्हा पातळीवर आणतो. उंच पुलावर मात्र खडीचे ओझे सहसा टाळतात. तेथे रूळ थेट काँक्रीटच्या ओट्यावर बसवितात, आणि खडीने करावयाची सारी कामे क्लिपेला व गादीला करावी लागतात. दर साठ ते सत्तर सेंटिमीटरवर अशी एक बांधणी असते. दुहेरी मार्गाच्या एका किलोमीटरमध्ये त्यांची संख्या सुमारे सहा हजारांवर जाते. यातली एखादी ढिली झाली तर बिघडत नाही. पण एका रांगेतल्या पाचसहा एकदम ढिल्या झाल्या, तर रुळांमधले अंतर वाढू लागते आणि गाडीचे चाक वाट सोडण्याच्या तयारीत असते.

या बांधणीकडून अपेक्षा कराव्यात तरी किती? गादी फार मऊ असेल तर रूळ डुलतो, फार कडक असेल तर प्रत्येक चाकाचा ठोका सरळ काँक्रीटमध्ये उतरतो आणि शेजारच्या घरांच्या भिंतींपर्यंत पोचतो. त्यात उन्हाचा खेळ वेगळाच. पंचवीस मीटर लांबीचा पुलाचा एक गाळा तापमानातील तीस अंशांच्या फरकाने सुमारे आठ मिलिमीटर लांबतो वा आखडतो. त्याच्यावरचा रूळ मात्र सांधे वितळवून अखंड केलेला असतो, त्याला तसे मोकळेपणी हलता येत नाही. पूल एकीकडे ओढतो, रूळ दुसरीकडे. मधल्या बांधणीने रूळ घट्ट धरावयाचा, आणि तरीही ठरावीक ओढीपलीकडे त्याला हळूच सरकू द्यावयाचे, अशी ही तारेवरची कसरत आहे. पकड सैल पडली तर रूळ तुटल्यास भेग रुंदावते. पकड अति घट्ट झाली तर नको तो ताण रुळात आणि खांबात साठत जातो. रेल्वेच्या बातम्यांतून वाचकांच्या परिचयाची झालेली पँड्रोल क्लिप ही याच कुळातली. नॉर्वेचे अभियंते पेर पांडे-रोल्फसेन यांच्या नावावरून ती ओळखली जाते. वाकविलेल्या पोलादी कांबीचा तो एक तुकडा आहे, पण साऱ्या जगातील रेल्वे त्याच्यासारख्या तुकड्यांवर चालते.

इतक्या नाजूक कामगिरीवर नेमलेल्या वस्तूची कसून परीक्षा होत असणार, असे कोणीही गृहीत धरील, आणि ते खरेही आहे. आपल्याकडील मेट्रो रेल्वेचे निकष युरोपीय मानकांचा आधार घेतात. त्या मानकांनुसार बांधणीचा नमुना प्रयोगशाळेतील यंत्राखाली ठेवून त्यावर तिरका भार तीस लाख वेळा दाबला जातो. इतके सोसल्यावरही रूळ धरण्याची तिची पकड वीस टक्क्यांहून अधिक बदलता कामा नये, आणि तिच्या लवचिकपणातील फरक पंचवीस टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. वीज रुळातून पुलाच्या लोखंडात झिरपू नये म्हणून तिचा विद्युत्-रोधही मोजतात. शिवाय मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात तिला तीनशे तास ठेवतात, आणि त्यानंतर ती साध्या हत्यारांनी उघडता व पुन्हा बसविता आली पाहिजे अशी अट असते.

तीस लाख हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण थोडा हिशेब करून पाहावा. सहा डब्यांच्या गाडीला चोवीस आस असतात. एखाद्या मार्गावरून एका दिशेने दिवसाला तीनशे गाड्या गेल्या, तर प्रत्येक बांधणीवरून रोज ७,२०० आस जातात, आणि तीस लाखांचा आकडा साधारण चौदा महिन्यांत पुरा होतो. प्रयोगशाळेतील भार नेहमीच्या गाडीच्या भारापेक्षा कठोर धरलेला असतो, त्यामुळे चौदा महिन्यांनी क्लिप मोडते असा याचा अर्थ कोणी करू नये. अर्थ एवढाच की, ज्या वस्तूने दशकानुदशके काम करावयाचे, तिची परीक्षा एकदा कोऱ्या नमुन्यावर घेऊन मोकळे होता येत नाही. तीनशे तासांच्या मिठाच्या फवाऱ्याचेही तेच. तीनशे तास म्हणजे साडेबारा दिवस. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत कसे सोलून निघतात, दाराच्या बिजागऱ्या कशा कुरकुरू लागतात, हे आम्हां किनारपट्टीवरच्या लोकांना कोणी शिकवावयास नको. मुंबई असो वा कोची, खाऱ्या वाऱ्याची परीक्षा बारा महिने चालू असते, आणि तिथे कोणी नापास झाले तर त्याची गुणपत्रिका आधी हाती पडत नाही.

प्रयोगशाळेतील परीक्षा अपुरी ठरते हे जाणकारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट ही जलद रेल्वे उभारताना तिच्या चालकांनी १९६५ साली काँकॉर्डजवळ सुमारे सात किलोमीटरचा केवळ चाचणीसाठी मार्ग बांधला. गाड्यांपासून रूळबांधणीपर्यंत निरनिराळे नमुने त्यावर प्रत्यक्ष चालवून पाहिले, आणि प्रवाशांसाठी पहिली गाडी सोडली ती सप्टेंबर १९७२ मध्ये. सात वर्षांचा हा धीर आजच्या घाईच्या दिवसांत कोणाला परवडणारा नाही असे वाटेल. परंतु याच बार्टची दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. गाडी सुरू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, स्वयंचलित नियंत्रणातील एक इवलासा स्फटिक बिघडल्याने गाडी फ्रीमाँट स्थानकात न थांबता मार्गाच्या शेवटावरून पुढे घुसली. जे तपासले ते टिकले, पण जे तपासावयाचे सुचले नाही तेथे घात झाला. चाचणी हा शोधाचा मार्ग आहे, निर्दोषपणाचा दाखला नव्हे, हे यावरून शिकावयाचे.

गोमंतकाला हा धडा दूरच्या देशातून आणावा लागत नाही. मडगावच्या खांबांची आठवण येथे अजून पुसलेली नाही. कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या कल्पनेनुसार स्काय बस ही अधांतरी गाडी मडगाव येथे उभारली. १.६ किलोमीटरच्या मार्गावर काँक्रीटच्या पोकळ तुळईत रूळ, रुळांवर चाके आणि खाली लोंबता डबा, अशी तिची रचना होती. देशी बुद्धीने निर्मिलेली ही योजना यशस्वी व्हावी असे येथील प्रत्येकाला वाटत होते. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीच्या फेरीत डबा खांबांना धडकला. एक कर्मचारी प्राणास मुकला, तिघे जखमी झाले. त्यानंतर गाडी पुढे सरकली नाही, आणि २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. चाचणीत दोष उघडकीस येणे ही नामुष्की नव्हे, चाचणी त्यासाठीच असते. पण लोंबता डबा किती झोके घेईल आणि खांब त्यापासून किती दूर हवा, हा प्रश्न जिवंत माणसे डब्यात बसविण्यापूर्वी रिकाम्या डब्याकडून सोडवून घ्यावयाचा असतो. ज्या कामगाराने आपला जीव देऊन तो दोष दाखवून दिला, त्याचे ऋण एवढ्यानेच फिटेल की, पुढील प्रत्येक उन्नत मार्गाच्या बाबतीत आपण हा क्रम चुकविणार नाही.

स्काय बसच्याच जातीची एक गाडी जर्मनीतील वुपर्टाल शहरात १९०१ पासून धावत आहे. तिचा लौकिक अत्यंत सुरक्षित म्हणून होता, आणि तो खोटाही नव्हता. तरी १२ एप्रिल १९९९ रोजी रात्रीच्या दुरुस्तीनंतर कामगारांकडून मार्गावर राहून गेलेल्या एका लोखंडी पकडीला धडकून सकाळची पहिली गाडी खाली नदीत कोसळली व पाच माणसे मेली. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे साडेतीनशे मीटर लांबीची वीजवाहक पट्टी आपल्या आधारांवरून सुटून खाली पडली, आणि सारी सेवा १ ऑगस्ट २०१९ पर्यंत बंद ठेवावी लागली. शतकाची पुण्याई गाठी असलेल्या व्यवस्थेलाही एक विसरलेली पकड वा एक सुटलेला आधार पुरेसा होतो.

मेक्सिको शहराची कथा याहून कठोर आहे, कारण तेथे इशारा मिळाला होता. तेथील मेट्रोचा बारावा मार्ग ३० ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाला. गाड्यांची चाके आणि रूळ यांचे जमेना, रुळांवर लाटांसारखी झीज दिसू लागली, आणि मार्च २०१४ मध्ये वीसपैकी अकरा स्थानके बंद करावी लागली. दुरुस्ती होऊन २०१५ च्या अखेरीस गाडी पुन्हा धावू लागली. मग ३ मे २०२१ च्या रात्री ओलिव्होस व तेसोंको या स्थानकांच्या दरम्यान पूल खचला आणि सव्वीस माणसे प्राणास मुकली. चौकशी करणाऱ्या नॉर्वेच्या संस्थेने निष्कर्ष काढला तो असा की, पोलादी तुळया आणि वरची काँक्रीटची लादी यांना एकजीव करणारे खुंट कित्येक ठिकाणी नव्हते वा नीट जोडलेले नव्हते. परिणामी दोघांनी मिळून उचलावयाचा भार एकट्या तुळयांवर पडला आणि त्या वाकल्या. बोटभर जाडीचे हे खुंट. ते बसविले होते की नाही, जोड पक्का होता की नाही, हे लादी ओतण्यापूर्वी पाहणे अवघड नव्हते. लादी ओतल्यावर मात्र ते काळोखात गेले, आणि पुन्हा उजेडात आले ते प्रेतांबरोबर. रुळाने २०१४ साली तक्रार केली तेव्हा लोकांनी रुळाकडे पाहिले, पण खालच्या सांध्यापर्यंत शोध पोचला नाही.

आपल्या देशाने अशी किंमत सुदैवाने मोजलेली नाही, पण इशारे आपल्यालाही मिळाले आहेत. दिल्लीचा विमानतळ-मार्ग फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला आणि दीड वर्षाच्या आत, जुलै २०१२ मध्ये, पुलाच्या बेअरिंगांतील दोष व गर्डरांतील तडे यांमुळे बंद पडला. सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीनंतर तो २२ जानेवारी २०१३ रोजी पुन्हा सुरू झाला तेव्हा वेगमर्यादा ताशी पन्नास किलोमीटरवर आणलेली होती. पूल सरकारी मेट्रो कंपनीने बांधलेला, गाडी खासगी कंपनी चालविणार. दोष खरोखर दुरुस्त झाला की नाही, आणि आयुक्तांच्या प्रमाणपत्राला किती वजन द्यावयाचे, यावरून दोघांत जे भांडण जुंपले ते लवादाकडून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल २०२४ रोजी त्याचा शेवटचा निकाल लागला. कोणी जिंकले यात आम्हांस स्वारस्य नाही. एका बेअरिंगाची स्थिती काय आहे हे निर्विवादपणे सांगणारा, दोन्ही पक्षांना आणि प्रवाशांना मान्य होईल असा तपासणीचा दस्तऐवज असता, तर बारा वर्षे हा वाद चालला नसता.

कोचीचे उदाहरण त्या मानाने समाधानाचे आहे. २०२२ च्या सुरुवातीस तेथे पत्तडिप्पालमजवळच्या ३४७ क्रमांकाच्या खांबावरील रूळ रेषेतून किंचित सरकल्याचे तपासणीत आढळले. मागोवा घेता दोष रुळात नव्हता. खांबाखालचा पायाच खडकापर्यंत नीट पोचलेला नव्हता. पायाला बळकटी देण्यात आली आणि अनर्थ टळला. रूळ हा नाडीसारखा असतो, हे यातून दिसले. खोल कुठे काही बिघडले की पहिली खूण तेथे उमटते. मेक्सिकोत तीच नाडी धडधडत होती, पण हात ठेवणाऱ्याने निदान पुरे केले नाही. कोचीत केले. दोन शहरांच्या नशिबातील फरक एवढ्यात आला.

या सर्वांवर एक उत्तर नेहमी दिले जाते. मेट्रो रेल्वेच्या २००२ च्या कायद्यानुसार सुरक्षा आयुक्तांच्या पाहणीवाचून कोणताही मार्ग खुला होत नाही, आणि आयुक्तांचे कार्यालय रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहे. तेव्हा आणखी काय हवे? ही व्यवस्था शहाणपणाची आहे आणि तिच्यामुळे अनेक अपघात टळले असतील हे आम्ही मान्य करतो. परंतु आयुक्तांची पाहणी मुख्यतः मार्ग खुला होण्याच्या वेळची. लग्नाच्या दिवशी नवरी सजलेली असते, संसार नंतर सुरू होतो. दहाव्या, पंधराव्या वर्षी रबरी गाद्या किती कडक झाल्या, वळणावरच्या क्लिपांची पकड किती उरली, खाऱ्या वाऱ्याने बोल्टांचे गळे किती खाल्ले, याचा हिशेब मार्ग चालविणारी कंपनीच ठेवते, आणि तो सामान्य प्रवाशापर्यंत पोचण्याची सोय नाही. दुसरे उत्तर खर्चाचे. पुलावरील मेट्रोला किलोमीटरमागे शेकडो कोटी रुपये लागतात. त्यापुढे दरवर्षी काही शंभर क्लिपा व गाद्या काढून तपासण्याचा खर्च किती, हे सांगावयास अर्थतज्ज्ञ लागत नाही. तिसरे उत्तर असे की, दोष जाहीर केले तर लोक घाबरतील. लोक घाबरतात ते लपविलेल्या गोष्टींना. उघड केलेला दोष आणि त्यापुढे लिहिलेली दुरुस्तीची तारीख पाहून शहाण्या माणसाचा विश्वास वाढतो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मार्ग खुला होताना रूळबांधणी, गाद्या व बेअरिंगे यांच्या चाचण्यांचे अहवाल आणि आयुक्तांनी घातलेल्या अटी, दोन्ही जनतेसाठी प्रसिद्ध व्हावीत. मार्ग सुरू झाल्यावर दरवर्षी सर्वांत जुन्या, सर्वांत तीव्र वळणाच्या आणि समुद्राला सर्वांत जवळच्या भागांतून प्रत्यक्ष वापरलेले नमुने काढून त्यांची पुन्हा परीक्षा घ्यावी. ती परीक्षा माल पुरविणाऱ्याने किंवा मार्ग बांधणाऱ्याने निवडलेल्या प्रयोगशाळेत न होता अभियांत्रिकी महाविद्यालयांसारख्या स्वतंत्र संस्थांत व्हावी. किनाऱ्यावरील शहरांसाठी मिठाच्या परीक्षेचे निकष स्थानिक हवामान पाहून ठरवावेत. आणि गाड्या थांबल्यावर मध्यरात्री दोनतीन तासांच्या अवधीत कंदील घेऊन एकेक क्लिप पाहत जाणारा जो कीमन असतो, त्याच्या नोंदवहीला तिचा योग्य मान मिळावा. ढिली क्लिप दिसली असे त्याने लिहिले, तर ती केव्हा बसविली हे त्याच पानावर दुसऱ्या कोणीतरी सही करून लिहिले पाहिजे. यंत्रे कितीही आली तरी त्याच्या डोळ्यांची जागा ती अजून पुरती घेऊ शकलेली नाहीत.

बैल गेला आणि झोपा केला ही आपल्या कारभाराची जुनी रीत आहे. अपघात झाला की समिती नेमावयाची, समितीचा अहवाल यावयाचा, तो कपाटात जावयाचा, आणि पुढल्या अपघाताला पुन्हा नवी समिती. उंच पुलावरच्या रेल्वेला ही रीत परवडणारी नाही, कारण तेथून पडणारी गाडी रस्त्यावरच्या माणसांवरही पडते. इंदूरच्या, पुण्याच्या, हैदराबादेच्या आणि मुंबईच्या नागरिकांनी आपल्या महापालिकेला, आमदार-खासदारांना आणि मेट्रो कंपन्यांना एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी आमच्या मार्गावरच्या किती क्लिपा, किती गाद्या आणि किती बेअरिंगे तपासली, आणि त्यांतली किती नापास झाली? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळाले तर निर्धास्तपणे गाडीत बसावे. आकड्यांऐवजी आश्वासन मिळाले, तर आकडे हाती येईपर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारीत राहावे. मडगावला जे २००४ साली घडले, त्याची पुनरावृत्ती भरल्या गाडीनिशी कोठेही होऊ नये यासाठी एवढी चिकाटी आपण दाखविलीच पाहिजे.